पट्टा थांबला की

तीन चुनखडीचे दगड आत, एक काँक्रीटचा ठोकळा बाहेर, वेळ चार सेकंद. स्वीडनच्या ‘कॉफी स्टेन स्टुडिओज’ने केलेल्या ‘सॅटिसफॅक्टरी’ या व्हिडिओ गेममध्ये काँक्रीटची कृती एवढीच आहे. खेळणारा परक्या ग्रहावर उतरतो, चुनखडीच्या साठ्यावर खाणयंत्र बसवतो, त्याला सरकता पट्टा जोडतो, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला यंत्र मांडतो आणि वीज सोडतो. मिनिटाला ४५ दगड जातात, १५ ठोकळे येतात. मग तो दुसऱ्या कामाला लागतो आणि इकडे उत्पादन आपोआप चालू राहतं.

कलबुर्गी जिल्ह्यातल्या एखाद्या मुलाने हा खेळ लावला, तर पडद्यावरची चुनखडी त्याला खिडकीबाहेरही दिसेल. वाडी, शहाबाद, मळखेड, सेडम या पट्ट्यात जमिनीखाली तोच दगड आहे आणि त्याच्यावर सिमेंटच्या चिमण्या उभ्या आहेत. उत्तरेला सरकलं की बीदर जिल्ह्यात भालकी, हुमनाबादकडे उसाचे ट्रॅक्टर लागतात. मधल्या काळ्या रानात तूर उभी असते. दगड, ऊस आणि तूर, तीन साखळ्या एकमेकींना खेटून चालतात. कच्चा माल, वाहतूक, यंत्र, पक्का माल हा क्रम खेळात जसा, तसाच इथे. या खेळांनी कारखान्याकडे पाहण्याची एक नजर दिली आहे आणि ती नजर घेऊन हे दोन जिल्हे पाहिले, तर एक प्रश्न सगळीकडे समोर येतो: साखळी अडली की थांबायचं कोणी, आणि त्या थांबण्याचे पैसे कोणाच्या खिशातून जातात?

साठ खनिज, पाच पत्रे

कारखाने बांधण्याच्या खेळांची आजची लाट आली ती ‘फॅक्टोरिओ’पासून. प्रागमधल्या ‘वुबे सॉफ्टवेअर’ या छोट्या चमूने २०१२ मध्ये त्याचं काम सुरू केलं, २०१३ मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि १४ ऑगस्ट २०२० रोजी खेळाची पूर्ण आवृत्ती आली. ‘सॅटिसफॅक्टरी’ची पूर्ण आवृत्ती १० सप्टेंबर २०२४ ची. या खेळांत गोष्ट अशी फारशी नसते. खेळणाऱ्याला गुंतवून ठेवतो तो हिशेब.

‘सॅटिसफॅक्टरी’तलं एक साधं उदाहरण घेऊ. मजबूत केलेला लोखंडी पत्रा बनवणारं एक यंत्र मिनिटाला पाच पत्रे देतं. त्यासाठी त्याला मिनिटाला ३० साधे पत्रे आणि ६० स्क्रू लागतात. ३० साध्या पत्र्यांना ४५ लोखंडी विटा लागतात. ६० स्क्रूंना १५ सळया लागतात आणि १५ सळयांना १५ विटा. एकूण ६० विटा, म्हणजे ६० खनिज. मध्यम प्रतीच्या साठ्यावरचं पहिलं खाणयंत्र मिनिटाला बरोबर ६० खनिज काढतं आणि पहिल्या प्रतीचा पट्टाही मिनिटाला ६० च नग वाहतो. सगळं जुळलं की एका टोकाला साठ आणि दुसऱ्या टोकाला पाच, अखंड.

आता यात स्क्रूचं एक यंत्र कमी ठेवा. स्क्रू अपुरे पडतील, पत्र्याचं यंत्र मधूनमधून थांबेल, साधे पत्रे पट्ट्यावर साचतील, पट्टा भरेल, मागची यंत्रं थांबतील आणि हळूहळू खाणीपर्यंत सगळं गप्प होईल. नवख्या खेळाडूला वाटतं खाण कमी पडली, म्हणून तो आणखी एक खाण जोडतो. त्याने काहीच होत नाही. अडलेली जागा एकच असते आणि ती शोधल्याशिवाय बाकी कुठेही घातलेला पैसा वाया जातो.

इलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये ‘द गोल’ नावाची कादंबरी काढून कारखानदारांना हेच शिकवलं. साखळीतला सगळ्यात मंद दुवा साऱ्या साखळीचा वेग ठरवतो. तिथे गेलेला तास साऱ्या कारखान्याचा गेलेला असतो. म्हणून त्या दुव्याच्या पुढ्यात कायम थोडा माल तयार ठेवायचा, तो उपाशी राहता कामा नये. जपानमध्ये टोयोटाच्या ताईची ओनो यांनी दुसऱ्या बाजूने विचार केला होता: साचलेला माल आणि वाट पाहणं ही दोन्ही उधळपट्टीच. व्यवस्थापनाचे विद्यार्थी जे वर्गात शिकतात, ते या खेळांत सोळा वर्षांचं पोर एका रात्रीत हाताने करून बघतं.

पण खेळात पट्टा थांबला तर बिघडत काही नाही. खनिज सडत नाही, विटा गंजत नाहीत. खेळणाऱ्याने जेवून येऊन स्क्रूचं यंत्र जोडलं की साखळी जिथे थांबली होती तिथून पुढे निघते. आपल्या तीन साखळ्या इथेच एकमेकींपासून आणि खेळापासून वेगळ्या होतात.

कागिणेच्या काठचा दगड

शहाबादी फरशी ठाऊक नाही असं मराठी घर विरळाच. स्वयंपाकाचा ओटा, देवळाचा सभामंडप, वाड्याचं अंगण, एसटी स्टँडवरचा बाक. या फरशीचं गाव कलबुर्गी जिल्ह्यात, मुंबई-चेन्नई लोहमार्गावर आहे. भूशास्त्रज्ञ ज्याला भीमा खोरं म्हणतात, त्यातला हा थरांचा चुनखडक. थर इतके सपाट की छिन्नी आणि पहार लावून त्याच्या लाद्या सोडवता येतात. हीच चुनखडी भाजली की सिमेंटचा कच्चा माल होते.

दगडाला बाजार दिला तो रेल्वेने. ब्रिटिशांचा मुंबई-मद्रास मार्ग या भागातून गेला आणि १८७४ मध्ये निजामाची रेल्वे वाडीहून सिकंदराबादला जोडली गेली. वाडी जंक्शन झाली. शहाबादला सिमेंटचा कारखाना आला. १९३६ मध्ये देशातल्या सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी बनली तेव्हा शहाबाद सिमेंट त्या कुटुंबात होती. पुढे वाडीला एसीसीचा मोठा कारखाना झाला. १९८० च्या दशकात मळखेडला राजश्री सिमेंट आली. सेडमला वासवदत्ता, चिंचोळी तालुक्यात छत्रसालला फ्रान्सच्या विकाट समूहाची कलबुर्गी सिमेंट, चित्तापूर तालुक्यात ओरिएंट. मालकीच्या पाट्या अलीकडे भराभर बदलल्या: एसीसी २०२२ मध्ये अदानी समूहाकडे गेली, वासवदत्ता आणि ओरिएंट २०२५ मध्ये अनुक्रमे अल्ट्राटेक आणि अंबुजाकडे. दगड तोच राहिला. मळखेड हीच राष्ट्रकूटांची मान्यखेट. नृपतुंग अमोघवर्षाची राजधानी जिथे होती, त्या कागिणेच्या काठी आज चुनखडीचे डंपर फिरतात.

खेळातल्या चार सेकंदांच्या जागी इथे काय होतं ते जरा जवळून पाहू. खाणीतला दगड क्रशरमध्ये फुटतो आणि पट्ट्यावरून लांबच लांब ढिगाऱ्यात पसरला जातो. पसरणारं यंत्र ढिगाऱ्याच्या लांबीने ये-जा करतं आणि उचलणारं यंत्र आडवा काप घेतं, म्हणजे खाणीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतला दगड आपोआप मिसळतो. मग तो दळून पिठासारखा होतो आणि उंच मनोऱ्याच्या माथ्यावर नेऊन खाली सोडला जातो. खालून वर येणारी गरम हवा आणि वरून खाली येणारं पीठ यांची चक्राकार हंड्यांमध्ये गाठ पडते. मिनिटभराच्या आत-बाहेर ते पीठ ८०० ते ९०० अंशांपर्यंत तापतं. पुढे किल्न, म्हणजे किंचित उतरती, आतून विटांनी मढवलेली, मिनिटाला तीन ते पाच फेरे घेणारी पोलादी नळी. तिच्या ज्वाळेच्या टोकाला माल १,४५० अंशांना पोचतो आणि काळपट गोट्या बाहेर पडतात. तो क्लिंकर. त्यात तीन ते पाच टक्के जिप्सम घालून दळलं की साधं सिमेंट झालं. फ्लाय अ‍ॅश मिसळली की पोझोलाना सिमेंट.

एक टन क्लिंकरला दीड टनाच्या आसपास चुनखडी लागते. शुद्ध चुनखडीच्या वजनातला ४४ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो भाजताना उडून जातो. म्हणजे कोळसा सोडा, नुसत्या दगडातून टन क्लिंकरमागे सुमारे अर्धा टन वायू हवेत जातो. ‘फॅक्टोरिओ’मध्ये कारखान्याभोवती प्रदूषणाचा ढग वाढत जातो, झाडं आणि जमीन त्यातला काही भाग शोषतात आणि उरलेला ग्रहावरच्या जीवांना चिडवतो. खेळणाऱ्याला तो नकाशावर लाल रंगात दिसतो. आपल्याकडे धूळ पकडायला फिल्टर आहेत, पण या वायूला रंग नाही आणि गावच्या नकाशावर तो कुठेच उमटत नाही.

थांबण्याच्या दृष्टीने मात्र सिमेंटची साखळी तिन्हींत सगळ्यात नशीबवान आहे. किल्न थांबवणं महाग असतं. ती गार झाली की आतल्या विटा तडकतात आणि पुन्हा तापवायला दिवसाहून जास्त जातो. गरम किल्न अचानक बंद पडली तरी तिला छोट्या मोटरने थोडी थोडी फिरवत राहावं लागतं, नाहीतर एवढी मोठी नळी स्वतःच्या वजनाने वाकेल. म्हणून कारखान्याने तिच्या दोन्ही बाजूंना साठे बांधले आहेत. मागे चुनखडीचा ढिगारा आणि पिठाचा सायलो, पुढे क्लिंकरचा सायलो. खाण दोन दिवस बंद राहिली तरी किल्न चालते. बाजार मंदावला तरी क्लिंकर साठत राहतो. दगड वाट पाहतो आणि त्याच्या वाट पाहण्याचा खर्च, म्हणजे सायलोचं बांधकाम आणि अडकलेलं भांडवल, कंपनी आपल्या वहीत लिहिते. हा खेळातल्यासारखा निर्जीव साठा आहे. त्यात कोणाच्याही घरची चूल अडत नाही.

गव्हाण रिकामी राहता कामा नये

हुंजीचा महात्मा गांधी, इमामपूरचा नारंजा, हळ्ळीखेडचा बीदर सहकारी ही बीदर जिल्ह्यातल्या सहकारी कारखान्यांची ठळक नावं. कलबुर्गीकडे आळंद तालुक्यात भुसनूरला आणि अफजलपूर तालुक्यात हवळग्याला खासगी कारखाने आहेत. मांजरा आणि कारंजाच्या पाण्यावरचा ऊस बीदरकडे, भीमेच्या पाण्यावरचा अफजलपूरकडे. सीमेपलीकडे लातूर, धाराशिव, सोलापूरचा साखरपट्टा लागूनच आहे आणि ऊस, तोडणीच्या टोळ्या, ट्रॅक्टर यांना राज्याची सीमा फारशी अडवत नाही.

साखर कारखान्याचा आतला भाग म्हणजे या खेळांचं स्वप्न. ऊस गव्हाणीत पडतो, सुऱ्यांनी तुकडे होतात, फायब्रायझरमध्ये पिंजला जातो, एकामागून एक लावलेल्या मिलमध्ये पिळला जातो. शेवटच्या मिलमधून निघणारं बगॅस सरळ बॉयलरखाली. बॉयलरची वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइनची वीज मिल फिरवते आणि उरलेली वाफ रस आटवते. एक टन उसातून साधारण १०० किलो साखर, २८० ते ३०० किलो बगॅस, ४० किलोंच्या पुढे मळी आणि ३० किलोंच्या पुढे प्रेसमड. मळी आसवनीत जाते, प्रेसमड खत होऊन शेतात परत येतं. टाकाऊ असं जवळपास काही नाही. खेळातला कसलेला खेळाडू याच गोष्टीसाठी रात्री जागवतो: प्रत्येक उपउत्पादन कुठल्या तरी यंत्राच्या तोंडी लागलं पाहिजे.

आता फाटकाबाहेर या. ऊस तोडल्या क्षणापासून त्याच्यातली साखर मोडायला लागते. सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, त्याची दाणेदार साखर बनत नाही, वर उसाचं पाणी उडून वजनही घटतं, ती वाळ. तोडल्यापासून २४ तासांत गाळप व्हावं असं म्हणतात ते यासाठी. पण मिल ही साखळीतली अडलेली जागा आहे. तिची रोजची गाळपक्षमता ठरलेली आणि ती एक तासही रिकामी राहणं कारखान्याला परवडत नाही. म्हणून गोल्डरॅटच्या नियमाप्रमाणे तिच्या पुढ्यात माल तयार ठेवावा लागतो. सिमेंटमध्ये तो माल सायलोत असतो. उसाचा सायलो बांधता येत नाही. त्यामुळे साखर कारखान्याचा साठा म्हणजे यार्डातली ट्रॅक्टरची रांग.

ही रांग बहुतेकांना गैरव्यवस्था वाटते. काही वेळा ती असतेही. पण नीट चाललेल्या कारखान्याबाहेरसुद्धा रांग असावीच लागते, कारण ती असली तरच पहाटे तीनला गव्हाण भरलेली राहते. थांबण्याची किंमत शून्यावर आली नाही; ती यंत्राकडून माणसांकडे सरकली.

कोणाकोणाकडे, ते बघा. शेतकऱ्याला पैसे वजनावर. वजनकाट्यावर चढण्याआधी रांगेत गेलेला वेळ त्याच्या टनांतून वजा होतो. ट्रॅक्टरवाल्याला भाडं टन आणि अंतरावर. रांगेतली रात्र त्याला फुकट. तोडणी टोळीला मजुरीही टनावर. गाडी खाली होऊन परत येईपर्यंत टोळी फडात बसून राहते आणि बसल्याचे पैसे मिळत नाहीत. बीडसारख्या जिल्ह्यांतून मुकादमाची उचल घेऊन आलेली जोडपी कर्नाटकातल्या फडांवरही असतात. उचल फेडायची ती टनांनी, म्हणून रिकामा गेलेला प्रत्येक तास कर्जाचा तास होतो.

रांगेच्याही आधी एक वाट पाहणं असतं, ते तोडीचं. लागण झाली, ऊस तयार झाला, नोंद कारखान्याकडे आहे, पण टोळी कधी येणार? तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटतं, पाणी द्यावंच लागतं, खोडव्याचा हंगाम चुकतो. मग ‘खुशाली’ सुरू होते. टोळीला काही, गाडीवाल्याला काही. ज्याला वाट पाहणं परवडत नाही तो पैसे देऊन पुढे सरकतो आणि ज्याच्याकडे पैसेही नाहीत तो वाळत बसतो.

ग्लेबा

‘फॅक्टोरिओ’च्या कर्त्यांनी २१ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘स्पेस एज’ नावाचा विस्तार आणला आणि त्यात ग्लेबा नावाचा ग्रह घातला. तिथे खनिजाऐवजी फळं आहेत आणि फळं सडतात. तोडलेलं फळ तासाभरात खराब होतं, त्याचा एक प्रकारचा गर तीन मिनिटांत, दुसरा चार मिनिटांत, यंत्रांना लागणारं पोषकद्रव्य पाच मिनिटांत. शेवटी बनणारी वस्तूसुद्धा शिळी होत जाते आणि शिळी वस्तू कमी मोलाची धरली जाते.

बाकीच्या ग्रहांवर तरबेज झालेले खेळाडू इथे येऊन अडखळतात. त्यांची सवय साठा करण्याची आणि इथे साठा म्हणजे नासाडी. पट्टा भरून थांबला तर त्यावरचं सगळं कुजतं आणि कुजलेल्या मालाने यंत्राचं तोंड बंद होतं. म्हणून ग्लेबावर कारखाना उलट्या बाजूने आखावा लागतो. आधी शेवटच्या यंत्राला किती लागेल ते धरायचं, तेवढंच तोडायचं, पट्टा कधीही थांबू द्यायचा नाही आणि जास्तीचं सरळ जाळून टाकायचं.

उसाच्या साखळीला लागू होणारी शिस्त हीच आहे. तोडणीचा कार्यक्रम मिलच्या ताशी भुकेवरून ठरला पाहिजे, यार्डात किती गाड्या आहेत ते फडातल्या मुकादमाला आणि शेतकऱ्याला दिसलं पाहिजे आणि रांग वाढली की तोडणीचा वेग कमी झाला पाहिजे. प्रत्येक मुकादमाच्या खिशात मोबाइल असताना हे तंत्राला अवघड नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. खेळात सडलेल्या फळाचा तोटा खेळणाऱ्याचाच असतो, म्हणून तो रात्रभर बसून आखणी सुधारतो. इथे आखणी करणारा एक आणि वाळ सोसणारे दुसरे. तोटा ज्याच्या वहीत पडत नाही, त्याला आखणी बदलायची घाई कशाला होईल?

तूर आणि बारदान

कलबुर्गीच्या तुरीच्या डाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या जमिनीतल्या कॅल्शियम आणि पोटॅशियमला चवीचं श्रेय दिलं जातं. कर्नाटकाचं तूर विकास मंडळही कलबुर्गीतच आहे. जून-जुलैत पेरलेली तूर डिसेंबर-जानेवारीत निघते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या वाणातून आलेली ‘मारुती’ ही मर रोगाला तोंड देणारी तूर १९८० च्या दशकात इथे रुजली आणि पट्टा टिकला.

डाळ मिलची कृती साखर-सिमेंटपेक्षा लहान, पण तिच्यातही वाट पाहणं मुरलेलं आहे. तूर चाळायची, निवडायची, रोल्यावर घासून टरफलाला ओरखडे पाडायचे, तेलाचा हात द्यायचा, ढीग मुरू द्यायचा, वाळवायचं आणि मग सोलायचं. न फुटलेला सोललेला गोटा वेगळा काढून पुन्हा ओलावून फोडायचा. शंभर किलो तुरीची सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ, बाकी चुनी आणि टरफल जनावरांना. इथलं मुरणं मिलवाल्याच्या हिशेबात आधीच धरलेलं असतं. त्याच्या गोदामात देशी तूर आहे, म्यानमार किंवा मोझांबिकची आयात तूर आहे. भाव पाहून तो ठरवतो कोणतं पोतं आधी फोडायचं.

शेतकऱ्याला ही मुभा नाही. राशीनंतर पीककर्ज, दुकानदाराची उधारी, मजुरी सगळं एकदम येतं. आवक जानेवारी-फेब्रुवारीत उसळते आणि भाव नेमका तेव्हा पडतो. तूर उसासारखी एका दिवसात नासत नाही, पण नीट वाळवली आणि जपली नाही तर भुंगेरा लागतो. २०२५-२६ साठी केंद्राने तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये ठरवला होता. हमीभाव पदरात पडायचा तर नोंदणी, ओलावा १२ टक्क्यांच्या आत, केंद्रावरचा नंबर आणि मग पैसे खात्यावर येण्याची वाट. मधेच बारदान संपतं. गोणी नाही म्हणून माप नाही, माप नाही म्हणून पावती नाही, पावती नाही म्हणून पैसे नाहीत. पत्र्यांच्या साखळीत एका स्क्रूने जे केलं, ते इथे रिकामी गोणी करते. फरक असा की पत्रे पट्ट्यावर थांबले होते आणि इथे माणूस ट्रॉलीजवळ थांबतो. ज्याला दोन दिवस थांबणं जमत नाही, तो हमीभावाच्या फाटकातूनच ट्रॉली वळवतो आणि अडतीवर खाली करतो.

थांबण्याचं भाडं

तीन साखळ्या एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं. दगड सर्वांत जास्त थांबू शकतो आणि त्याच्या थांबण्याचा खर्च कंपनी करते. ऊस सर्वांत कमी थांबू शकतो आणि त्याच्या थांबण्याचा खर्च शेतकरी, गाडीवाला आणि टोळी करतात. तूर मध्ये आहे. थांबण्याचा फायदा ज्याच्याकडे गोदाम आणि भांडवल आहे त्याला, तोटा ज्याच्याकडे नाही त्याला. यंत्रं तिन्हीकडे उत्तम आहेत. स्वयंचलन फाटकाच्या आत जसजसं पुरं होत गेलं, तसतशी उरलेली अनिश्चितता फाटकाबाहेर गोळा होत गेली.

यावर ‘कच्च्या मालाचा धंदा असाच असतो’ असं म्हणून गप्प बसायचं कारण नाही. थांबण्याला भाडं लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे आणि ती याच जिल्ह्यांतून धावणाऱ्या रेल्वेत रोज वापरात आहे. सिमेंटच्या सायडिंगवर रेल्वेने वॅगन आणून लावल्या की त्या भरायला किंवा खाली करायला ठरावीक मोफत वेळ मिळतो. त्याच्या पुढे वॅगन अडकली तर प्रत्येक वॅगनला तासागणिक डेमरेज. व्यापारी, गुमास्ते, हमाल सगळ्यांना हा शब्द पाठ आहे. डेमरेजच्या धाकाने कारखान्यांनी भरण्याची यंत्रं सुधारली, पाळ्या बदलल्या, रात्रीच्या टोळ्या नेमल्या. पोलादाच्या डब्याच्या तासाला किंमत आहे म्हणून तो तास कोणी वाया घालवत नाही.

उसाच्या कायद्यातही या विचाराचं बीज आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर थकलेल्या रकमेवर सालीना १५ टक्के व्याज. म्हणजे पैशाच्या थांबण्याला भाडं आहे, जरी ते पदरात पाडून घ्यायला शेतकऱ्याला झगडावं लागतं. मालाच्या आणि माणसाच्या थांबण्याला मात्र नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी रास्त आणि किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होता. अशा दरात उतारा मोजला जातो, वजन मोजलं जातं. तास मोजला जात नाही.

तो मोजायला सुरुवात करता येईल. यार्डात शिरताना मिळणाऱ्या टोकनवर वेळ छापावी आणि वजनाच्या पावतीवर पुन्हा वेळ छापावी. दोन्हींमधलं अंतर ठरलेल्या तासांच्या पुढे गेलं तर वाळीचा आकार कारखान्याने सोसावा. टोळीला आणि गाडीवाल्याला त्या तासांमागे थांबण्याचं भाडं मिळावं. तोडीचा क्रम लागणीच्या तारखेप्रमाणे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा, म्हणजे खुशालीला जागा उरणार नाही. तुरीसाठी गोदामाच्या पावतीवर कर्ज देण्याची कायदेशीर सोय २००७ च्या गोदाम कायद्याने झाली आहे. ती आळंद-सेडमच्या लहान शेतकऱ्यापर्यंत पोचावी, म्हणजे त्यालाही मिलवाल्यासारखं भाव बघून थांबता येईल. बारदानाची मागणी तर पेरणीच्या आकड्यांवरूनच काढता येते, खेळातलं पोर स्क्रूचा हिशेब काढतं तशी.

खर्च वाढेल ही तक्रार येणार. पण हा खर्च नवा नाही. तो आजही होतो आहे, फक्त ज्यांच्याकडे वही नाही अशा माणसांच्या अंगावर. तो कारखान्याच्या ताळेबंदात आला की कारखान्याचेच अभियंते तो कमी करायला बसतील, कारण ते त्यात वाकबगार आहेत. किल्न वाकू नये म्हणून तिला मिनिटामिनिटाला फिरवण्याची व्यवस्था ज्यांनी बसवली आणि गव्हाण एक तास रिकामी राहू नये म्हणून दोन जिल्ह्यांतल्या गाड्या ज्यांनी ओवल्या, त्यांना रांग आखता येत नाही असं कोणी म्हणू नये.

बीदर-कलबुर्गीच्या घराघरांत उद्याचे अभियंते, चिटबॉय, शेतकरी आणि संचालक वाढत आहेत. त्यांच्यातले काही आज पडद्यावर पट्टे जोडत असतील आणि अडलेली जागा शोधायला शिकत असतील. त्यांनी हीच नजर फाटकाबाहेर वळवावी. अडलेली जागा सापडली की पुढचा प्रश्न विचारावा, इथे थांबलंय कोण आणि त्याला या तासाचे पैसे मिळतात का. वाडीच्या सायडिंगवर उभ्या असलेल्या रिकाम्या वॅगनला जो हक्क रेल्वेने दिला आहे, तो भालकीच्या फडात गाडीची वाट पाहत बसलेल्या बाईला मिळायला हवा. ही मागणी दयेची नाही, हिशेबाची आहे आणि यंदाच्या गाळप हंगामापासून ती लावून धरता येईल.